खरी नक्कल

"नंबर सांगा."

"नंबरच शोधायला आलोय, साहेब."

"नंबर असल्याशिवाय नंबर कसा सापडणार?" असं म्हणून नक्कल विभागातल्या कारकुनांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की वेदांतातलं एखादं बाळबोध सूत्र विसरून मी परीक्षेला बसलोय असं मला वाटलं.

मी तालुक्याच्या कोर्टात उभा होतो. हातात पिशवी. पिशवीत आजोबांचा मृत्यूचा दाखला, सातबारा, वारसनोंदीचा फेरफार, माझं आधार कार्ड, या सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स आणि बायकोनं बांधून दिलेले दोन शेंगदाण्याचे लाडू. त्या दिवशी यांपैकी फक्त लाडू उपयोगी पडले.

भानगड अशी होती. गावाकडच्या आमच्या शेताच्या पूर्वेच्या बांधावर एक आंबा होता. आता नाही, २००३ च्या दुष्काळात वाळला. पण वाळायच्या आधी त्यानं आमचे आजोबा, म्हणजे तात्या, आणि शेजारच्या रानातले अण्णा या दोघांना कोर्टाची पायरी चढायला लावली. बांध सामाईक, झाड बांधावर, खोड किंचित आमच्याकडं कललेलं आणि कैऱ्या सगळ्या त्यांच्याकडं पडणाऱ्या. एवढ्या भांडवलावर आपल्याकडं दोन पिढ्या सहज निघतात. आमच्या घरात कथा अशी, की तात्यांनी दावा लावला आणि जिंकला. आत्या ही कथा सांगायला लागली की अजून पदर खोचते. तिच्या कथेत शेवटी जज्जसाहेब खुर्चीतून अर्धे उठतात आणि तात्यांना म्हणतात, "घेऊन जा तुमचा आंबा." आत्या त्या दिवशी कोर्टात नव्हती, तिच्या सासरी होती. पण तिनं सांगितलेलं ऐकून गावातले निदान चारजण तरी आपण त्या दिवशी कोर्टात होतो असं सांगतात.

आता चुलत भावांत वाटणी निघाली, मोजणी आली, आणि बांध नेमका कुठून जातो हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. वकीलसाहेब म्हणाले, "निकाल झालाय म्हणता ना? मग हुकूमनाम्याची नक्कल काढा. दाव्याआधी पोलिसांत तक्रार झाली असणार, तिचीही प्रत काढून ठेवा. दोन दिवसांचं काम आहे." वकिलांचे दोन दिवस आणि ब्रह्मदेवाचे दोन दिवस यांत फरक इतकाच, की ब्रह्मदेव आगाऊ फी घेत नाही.

मी आधी पोलीस ठाण्यात गेलो. कठीण काम आधी उरकावं, हे शाळेत शिकलो होतो. कठीण कुठलं, हे मात्र शाळेनं सांगितलं नव्हतं.

ठाणे अंमलदारांच्या टेबलाशी बसलेल्या हवालदारांनी मला खुर्ची दिली. पोलीस ठाण्यात उभं ठेवलं तर माणूस घाबरतो आणि बसायला सांगितलं तर जास्तच घाबरतो. "बोला," ते म्हणाले, "मोबाईल हरवला?"

"नाही. एका तक्रारीची प्रत पाहिजे होती."

"कधीची?"

"१९८६ ची."

त्यांनी पेन खाली ठेवलं. टोपणही लावलं. मग म्हणाले, "कशाला पाहिजे?"

हा प्रश्न पुढं मला इतक्या ठिकाणी आणि इतक्या चालींवर ऐकायला मिळाला, की त्याच्यावर कुणी तरी प्रबंध लिहायला हवा. ठाण्यातला 'कशाला पायजे?' खालच्या पट्टीतला असतो, त्यात संशय असतो. कोर्टातल्यात कंटाळा असतो. तलाठी कार्यालयात त्याच्या मागं 'बरं, आता मला' असं न उच्चारलेलं काही तरी असतं. झेरॉक्सवाल्याच्या तोंडी तो शुद्ध कुतूहल म्हणून येतो, आणि उत्तर द्यावंसं वाटतं असा तेवढा एकच. आपल्याकडं कागद मागायला गेलं की कुठला कागद हे कुणी आधी विचारत नाही. कागद मिळाल्यावर हा मनुष्य त्याचं काय करेल, याची काळजी कागद सांभाळणाऱ्याला आधी पडते. लग्नाला आलेल्या मुलीच्या बापानंही स्थळाची इतकी चौकशी केली नसेल.

गंमत म्हणजे कायदा याच्या बरोबर उलट सांगतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ च्या दुसऱ्या पोटकलमात स्वच्छ लिहिलंय, की अर्जदारानं माहिती कशाला हवी याचं कारण द्यायची गरज नाही. हे मी हवालदारांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "कायद्यानं नसंल सांगायचं. मला सांगा की."

मी सांगितलं. आंबा, बांध, तात्या, अण्णा. त्यांनी मनापासून ऐकलं, आणि शेवटी म्हणाले, "८६ साली हे ठाणंच नव्हतं. दूरक्षेत्र होतं. जुनं रेकॉर्ड मूळ ठाण्याला."

मूळ ठाणं एसटीनं पाऊण तासावर. तिथले हवालदार म्हणाले, "तुमचं गाव नव्या ठाण्याला जोडलं ना? मग रेकॉर्डबी गावाबरोबर गेलं." लेकीबरोबर रुखवत जावं तसं गावाबरोबर रेकॉर्ड जातं म्हणे. माहेर म्हणतं दिलं, सासर म्हणतं आलं नाही. टेम्पो मधे कुठं थांबला होता, हे कुणी सांगत नाही.

मी निघणार, एवढ्यात बाकावर चहा पीत बसलेले एक निवृत्त जमादार म्हणाले, "आंब्याची भानगड ना? एन.सी. झालती ती." आणि बशी खाली ठेवून त्यांनी अख्खी तक्रार तोंडपाठ म्हणून दाखवली. कैऱ्या उतरवताना अण्णांच्या थोरल्याला तात्यांनी कसं धरलं, अण्णा बैलगाडी सोडून कसे धावत आले, तात्यांच्या हातातली काठी नक्की कुठल्या लाकडाची होती, आणि 'बघून घेतो' हे शब्द आधी कुणी वापरले. तक्रार द्यायला आले होते अण्णा. तात्या गैरअर्जदार. आत्याच्या कथेत हा भाग नव्हता.

एन.सी. म्हणजे अदखलपात्र. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलिसांनी ज्याच्या तपासात पडायचं नाही, असा गुन्हा. पोलिसांनी त्याची दखल घेतली नाही. गावानं मात्र पुढची जवळजवळ चाळीस वर्षं दुसऱ्या कशाची दखल घेतलेली दिसत नव्हती.

"जमादारसाहेब, हे एवढं लिहून द्याल का?" मी विचारलं.

"मी?" त्यांनी हात झटकले. "माझ्याकडं काय पुरावा?"

तेव्हा मला हे सगळं प्रकरण पहिल्यांदा उमगलं. तालुक्याच्या गावात माहिती सगळी सार्वजनिकच असते. फक्त तिचा कागद तेवढा खासगी असतो. मी ठाण्यातून निघून एसटी स्टँडवर पोचेपर्यंत पानवाल्यानं विचारलं, "मिळाली का एन.सी.?" मी त्याला ओळखत नव्हतो.

आजकालच्या भांडणांचं बरं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली सांगून ठेवलंय, की प्रथम खबरी अहवाल २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाका. दुर्गम भागात, इंटरनेटची बोंब असेल तिथं, फार तर ७२ तास. नाजूक गुन्हे तेवढे वगळायचे. म्हणजे आज दोन भाऊबंदांनी एकमेकांची डोकी फोडली तर तीन दिवसांत अख्ख्या जगाला ते वाचता येतं. अर्थात ७२ तास हे जगासाठी. आमच्या गावाला सात मिनिटं पुरतात, आणि गावाच्या आवृत्तीत संवादही असतात.

वकीलसाहेबांच्या हाताखालचा ज्युनियर तरुण आणि उत्साही होता. तो म्हणाला, "काका, आरटीआय टाका. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं." महाराष्ट्राला या कायद्याचा अभिमान असायला हरकत नाही. केंद्राच्या आधी, २००२ साली, आपण स्वतःचा माहितीचा कायदा केला होता, आणि अण्णा हजाऱ्यांनी त्यासाठी उपोषणं केली होती. मी मोठ्या उमेदीनं कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली बसणाऱ्या टायपिंगवाल्याकडं गेलो आणि मजकूर सांगायला लागलो. दुसऱ्या पानावर त्यानं हात थांबवला.

"साहेब, दीडशे शब्द."

"काय दीडशे?"

"अर्ज. दीडशे शब्दांत बसवायचा. आणि विषय एकच."

हे खरं निघालं. महाराष्ट्रात २०१२ पासून तसा नियमच आहे. हा नियम करणाऱ्या माणसाला शेती नसावी. मराठी माणसाला बांधाविषयी दीडशे शब्दांत बोलायला सांगणं म्हणजे कीर्तनकाराला 'तेवढा अभंग म्हणा आणि बसा' म्हणण्यासारखं आहे. माझा मजकूर सहाशेच्या वर गेला होता, त्यात नुसता बांध दोनशे शब्दांचा. मी आधी विशेषणं काढली. मग आंब्याची जात काढली. मग अण्णांच्या थोरल्याला काढलं. शेवटी तात्या, तारीख आणि काठी एवढंच उरलं. टायपिंगवाला म्हणाला, "काठी कशाला पायजे?" मी काठीही काढली. एकशे सत्तेचाळीस शब्द झाले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नेटकं लेखन तेच, आणि ते मी पोलिसांना पाठवलं.

वर दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट. मुद्रांक विक्रेत्याकडं दहाची संपली होती. "पाचची दोन लावा," तो म्हणाला. मग पाचचंही एकच निघालं. दुसरं मी शेजारी उभ्या असलेल्या एका पक्षकाराकडून उसनं घेतलं. तो म्हणाला, "आंब्याचं ना? घ्या, घ्या."

बरोबर तिसाव्या दिवशीचं उत्तर बत्तिसाव्या दिवशी पोस्टानं आलं. 'मागितलेली माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर आढळून येत नाही.' हे वाक्य ज्यानं प्रथम घडवलं, तो व्याकरणाचा महामहोपाध्याय होता. यात कर्ता शोधून दाखवा. कुणी शोधलं, कुठं शोधलं, कपाट उघडलं की नुसतं त्याच्याकडं पाहिलं, काहीच नाही. माहितीच आपणहून आढळून येत नाही, तर त्याला बिचारं कार्यालय काय करणार! खाली मात्र मोठ्या अगत्यानं लिहिलं होतं, की हे उत्तर मान्य नसेल तर तीस दिवसांत प्रथम अपील करता येईल. 'जेवण आवडलं नसेल तर पुन्हा या' असं म्हणणाऱ्या खानावळवाल्याची आठवण झाली.

अपील केलं. तिकीट वीस रुपये. सुनावणीला बोलावलं, चहा दिला, आणि तिथं उलगडा झाला : त्या काळची एन.सी.ची नोंदवही मुदत संपल्यामुळं नियमाप्रमाणं नष्ट केली होती. सरकारी कागदांना आपल्याकडं जातीपातीसारखे वर्ग असतात. 'अ' वर्गाचा कागद कायमचा, 'ब' तीस वर्षं, आणि असं उतरत उतरत 'ड' वर्गाचा जेमतेम वर्षभराचा सोबती. आमचं भांडण वरच्या वर्गातलं नव्हतं, याचं वाईट वाटलं. पण नोंदवही नष्ट केल्याचा कागद त्यांनी जपून ठेवला होता, आणि त्याची प्रत मला मिळाली. एक पान, दोन रुपये.

माझा भाचा अमेरिकेत आयोवा राज्यात असतो. मी फोनवर हे रडगाणं गायलो तेव्हा तो म्हणाला, "मामा, तुम्हाला काय वाटतं, इथं वेगळं आहे?" त्या राज्यात ९९ काउंट्या आहेत, आणि हा राहतो ती सगळी मक्याची. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा, थोडा मोठा. मुख्य गावात चौकाच्या मधोमध कोर्टाची दगडी इमारत, आणि पोलिसांचा वरिष्ठ, म्हणजे शेरीफ, लोकांनी मत देऊन निवडलेला. तिकडचा १९६६ चा केंद्राचा माहितीचा कायदा फक्त केंद्राच्या कार्यालयांना लागतो. काउंटीच्या खिडकीवर राज्याचा कायदा चालतो, हे त्याला दोनदा चुकीच्या कायद्याखाली अर्ज करून कळलं. त्याला त्याच्या गाडीला हरिण धडकल्याचा अहवाल हवा होता. खिडकीतल्या बाईंनी कारण मुळीच विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "ते हरिण ना? माझ्या दिरानं पाहिलं होतं. तुम्ही जरा जोरात होतात." अहवाल मिळायला आठवडा लागला.

आता कोर्ट. इथं आरटीआयचा पास चालत नाही. २०२० साली गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलंय, की न्यायालयीन कागदांच्या नकला न्यायालयाच्याच नियमांनी घ्याव्यात, माहिती अधिकारात नव्हे. आणि तुम्ही त्या दाव्यातले पक्षकार नसाल तर कशाला पाहिजे ते लिहून, प्रतिज्ञापत्रावर सांगावं. म्हणजे पोलिसांना कारण सांगायचं नव्हतं तर त्यांनी खोदून खोदून विचारलं. कोर्टात कारण सांगायचं होतं, मी घोकून गेलो होतो, तर ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

"पक्षकार तुम्ही का?"

"आजोबा. वारले."

"मग त्यांचा अर्ज?"

मी मृत्यूचा दाखला पुढं केला. त्यांनी तो उलटून मागं पाहिलं, जणू मागं तात्यांनी काही लिहून ठेवलंय.

प्रतिज्ञापत्रासाठी पुन्हा लिंबाखाली. टायपिंगवाला म्हणाला, "स्टॅम्प पेपर आणा." मी म्हटलं, कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. तो माझ्याकडं माया आल्यासारखा बघत राहिला. "माफ सरकारनं केलंय, दादा. आत बसलेल्यांनी कुठं केलंय?" २०२४ च्या ऑक्टोबरात किमान मुद्रांक शंभरावरून पाचशेवर गेला, तेव्हा या लिंबाखाली काय आकांत झाला असेल याची मी कल्पना करू शकतो. जे द्यायचंच नव्हतं, तेच पाचपट झालं! मी हट्टानं कोऱ्या कागदावर प्रतिज्ञापत्र केलं. आत ते एका शब्दानं काही न विचारता घेतलं. टायपिंगवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आज साहेब रजेवर असतील."

व्हरांड्यात ई-कोर्टाचं एक यंत्र उभं आहे. पडद्यावर बोट लावलं की पुढची तारीख दिसते. हल्लीच्या प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरी-आकडी क्रमांक असतो, आणि घरबसल्या फोनवरही सगळं कळतं. म्हातारेकोतारे त्या यंत्रापुढं उभे राहून नातवाला विचारतात, "काय म्हणतंय?" नातू म्हणतो, "तारीख." मी तात्यांचं नाव टाकलं. यंत्रानं बराच वेळ विचार केला आणि नम्रपणे कबूल केलं, की त्याच्या जन्माआधीचं त्याला ठाऊक नाही. तेवढा प्रामाणिकपणा मला महिनाभरात प्रथमच भेटला. सातबाऱ्याचं बघा, पंधरा रुपये भरले की डिजिटल सहीचा उतारा फोनवर येतो. बांध कुठं आहे ते त्यातही कळत नाही, पण येतो तरी पटकन.

तर नंबर. दाव्याचा नंबर म्हणजे रे.मु.नं. अमुक ऑब्लिक तमुक साल. तो नसेल तर शोध फी भरून रजिस्टर धुंडाळायचं. रजिस्टर निकाली प्रकरणांबरोबर जिल्ह्याला गेलेलं. जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात मी पहिल्यांदा शिरलो तेव्हा शिंकेनंच प्रवेश केला. छतापर्यंत रॅक, रॅकवर कापडात बांधलेले गठ्ठे. या कापडांना रुमाल म्हणतात. पेशव्यांचे कागदही असेच पुण्याच्या दफ्तरात हजारो रुमालांत बांधलेले आहेत, आणि रियासतकार सरदेसायांनी ते चाळून १९३० च्या पुढं चार-पाच वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड छापले. मोडीत लिहिलेले, वाळवी लागलेले, तरी सापडले. पानिपतावर जाताना कुणी किती धान्य उधार घेतलं हे आपल्याला कळू शकतं. १९८७ च्या आमच्या बांधाच्या दाव्याचं काय झालं, हे कळायला मला तिसरा हेलपाटा घालावा लागत होता.

त्या तिसऱ्या हेलपाट्याला टेबलावर एक नव्या बाई होत्या. वय तिशीच्या आत, तोंडाला ओढणी बांधलेली. त्यांनी मला कशाला पाहिजे हे विचारलं नाही. मला चुकल्यासारखं झालं, मी आपणहून सांगायला लागलो, तर म्हणाल्या, "नाव सांगा फक्त, आणि अंदाजे साल." शिडी लावली, ८७ चं रजिस्टर काढलं, फडक्यानं पुसलं, आणि बोट लावून एकेक ओळ वाचत गेल्या. जेवणाची सुट्टी झाली. त्या उठल्या नाहीत. दीडच्या सुमारास त्यांचं बोट थांबलं. सरकारी कामाबद्दल मी वर जे काही लिहिलंय त्यातून या बाईंना वगळावं. पिशवीतला एक लाडू मी त्यांना देऊ केला. "लाच होईल," त्या म्हणाल्या, आणि हसल्या, आणि घेतला नाही.

दाव्याचे बाकीचे कागद मुदतीप्रमाणं नष्ट झाले होते. उरली होती रजिस्टरातली नोंद. तिच्या उताऱ्याची मी नक्कल मागितली. आठवड्यानं मिळाली.

प्रमाणित नकलेच्या पाठीमागं तारखा असतात : अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी. हे शोभेचं नाही. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणं, अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळायला गेलेले दिवस वजा करतात. मला या कलमाचं फार कौतुक वाटलं. नक्कल वेळेवर मिळेल असा भाबडा विश्वास कायदा करणाऱ्यांचाही नव्हता. त्यांनी हेलपाटे आधीच धरून ठेवले होते, जसे हुशार बायका पाहुण्यांचा भात दोन मुठी जास्तीचा धरतात.

पुढच्या बाजूला शिक्का होता, 'खरी नक्कल'. हे दोन शब्द एकत्र आणायची हिंमत फक्त कोर्टातच. आणि शिक्क्याच्या वर, निकालाच्या रकान्यात, बारीक शाईत, जुलै १९८८ ची तारीख घालून लिहिलं होतं : उभय पक्ष पुकारा करूनही गैरहजर. दावा काढून टाकण्यात आला.

मी ते तीनदा वाचलं. जज्जसाहेब अर्धे उठलेले कुठं दिसेनात. 'घेऊन जा तुमचा आंबा' कुठं दिसेना. पट्टेवाल्यानं व्हरांड्यात येऊन तीनदा नाव पुकारलं असेल, कुणी ओ दिली नसेल, आणि पुढचं प्रकरण निघालं असेल. दिवाणी प्रक्रिया संहितेत याला ऑर्डर ९ चा तिसरा नियम आहे. वकीलसाहेबांना फोन केला तर त्यांचा आवाज एकदम तरुण झाला. "अहो, म्हणजे गुणदोषावर निकालच नाही! दावा पुन्हा लावता आला असता!"

"आता?"

"आता मुदत गेली."

"आणि आंबाही."

"हो, तेही आहेच," ते म्हणाले. पण हळहळ मुदतीची जास्त वाटली.

स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी तीन प्रती काढायला दिल्या. दुकानदारानं नक्कल काचेवर ठेवण्याआधी वाचली, हे सांगायला नकोच. शेजारी एक पस्तिशीचा गृहस्थ उभा होता. तो म्हणाला, "काका, ओळखलं नाही का? मी अण्णांचा नातू." मला त्याच्या थोरल्या चुलत्याचं नाक आठवलं. "तुम्ही नक्कल काढायला जिल्ह्याला गेलाय कळलं. म्हटलं, बरं झालं, आमचेही पैसे वाचले. एक प्रत आमच्यासाठी काढता का? घरात सगळ्यांना दाखवायची आहे. आमचे आजोबा दावा जिंकलेले ना."

मी काही बोललो नाही. दुकानदारही बोलला नाही, पण मशीनचं झाकण लावताना त्याचे खांदे हलत होते. नातवानं प्रत घेतली, गाडीवर बसून वाचली, उलटून मागच्या तारखाही वाचल्या. मग घडी करून खिशात घातली आणि विचारलं, "चहा घेणार का, काका?"

चहा घेता घेता मी आत्याला फोन लावला. तिला ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर चालू केला. नोंद वाचून दाखवली. तारीखही सांगितली.

"जुलै?" आत्या म्हणाली. "जुलैत तात्या कुठले घरी असायला? आषाढाची वारी नाही का?"

"आणि अण्णा?"

"तोही त्याच दिंडीत. एकाच्या गळ्यात टाळ, दुसऱ्याच्या पखवाज. तिकडं एका भाकरीतली खायचे दोघं. पंढरपूरहून परत गावात शिरले की पुन्हा बोलणं बंद."

अण्णांचा नातू बशीतला चहा तसाच धरून ऐकत होता.

"म्हणजे आत्या, दोघंही तारखेला गेलेच नाहीत. दावा काढून टाकला."

"तुला कुणी सांगितलं?"

"कोर्टाची नक्कल आहे माझ्या हातात. खरी नक्कल."

"असेल," आत्या म्हणाली. "तुम्हाला पुण्याच्या लोकांना कागदाचं फार. जिंकलो आपणच."